यादी लागेपर्यंत

परीक्षेचा अभ्यास एकट्या मुलाला करावा लागतो; परीक्षेनंतरची प्रतीक्षा मात्र सगळ्या घराला करावी लागते. त्यांतही निकालाची प्रतीक्षा एका तऱ्हेची, आणि शिष्यवृत्तीची प्रतीक्षा अगदीं निराळ्या तऱ्हेची. निकालाचा दिवस ठरलेला असतो. तो दिवस उजाडला कीं बरेंवाईट काय तें कळतें, आणि वाईट कळलें तरी मन एकदांचें मोकळें होतें. शिष्यवृत्तीचें तसें नाहीं. तिचा दिवस कोणी सांगत नाहीं, आणि ती मिळाली नाहीं हें सांगावयासही बहुधा कोणी येत नाहीं. यादींत नांव नसलें म्हणजे नकार समजावयाचा. पण यादीच लागली नसेल तर काय समजावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

आमच्या हेंद्रेपाड्यांत सध्यां अशा प्रतीक्षेंत असलेलीं चारदोन घरें आम्हांस ठाऊक आहेत. निवृत्त मास्तराकडे लोक मुख्यतः दोन कामांसाठीं येतात: मुंजीलग्नाचा मुहूर्त विचारावयास, आणि मुलांच्या अर्जांतील अवघड शब्दांचा अर्थ विचारावयास. मुहूर्त आम्हांस पंचांग पाहून सांगतां येतो. शिष्यवृत्तीचा मुहूर्त सांगणारें पंचांग मात्र अद्याप कोणीं काढलेलें नाहीं. तेव्हां मुहूर्त सांगण्याच्या भरीस न पडतां, हे मधले महिने घरानें कसे काढावे याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं या खेपेस योजिलें आहे.

विद्येसाठीं मिळणाऱ्या पैशाची वाट पाहणें आपल्या समाजाला नवें नाहीं. सेनापति खंडेराव दाभाडे तळेगांवास श्रावणांत ब्राह्मणांना दक्षिणा वांटीत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडले, आणि पुढें ही श्रावणमास दक्षिणा पुण्यास पेशव्यांच्या हातून होऊं लागली. पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा होता. त्या आवारांत लोकांना आंत घेऊन दारें लावीत, आणि बाहेर सोडतांना एकेकाच्या हातीं दक्षिणा ठेवीत. हेतु हा कीं, एकानेंच दोनदां हात पुढें करूं नये. दूरदूरच्या गांवांहून चालत आलेले वैदिक व शास्त्री त्या बंद दारांआड आपली पाळी येण्याची वाट पाहात उभे राहात. आजची मुलें संकेतस्थळाच्या दारांशीं उभीं आहेत, एवढाच काय तो फरक.

पेशवाई १८१८ सालीं गेली, तरी दक्षिणा लगेच गेली नाहीं. इंग्रजांनीं ती आंखडली, पण चालू ठेवली. १८५१ पासून त्या पैशाचा कांहीं भाग मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्याकडे लागला, आणि पुढें त्याच नांवानें कॉलेजांतून फेलोशिपा निघाल्या. इरावतीबाई कर्वे १९२६ सालीं पदवीधर झाल्या, तेव्हां त्यांना मुंबई विद्यापीठाची दक्षिणा फेलोशिप मिळाली, आणि घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ सालीं त्या एम. ए. झाल्या. जो पैसा एके काळीं एकाच वर्णाच्या पुरुषांच्या ओंजळींत पडत होता, तो दोन शतकांच्या आंत एका स्त्रीच्या संशोधनाला उपयोगी पडला. आपल्या घरांतून अलीकडे एक वाक्य फार ऐकूं येतें: "आमच्यासाठीं सरकारांत कांहीं नाहीं." तें म्हणण्यापूर्वीं हा इतिहास डोळ्यांपुढें आणावा. विद्येसाठीं ठेवलेल्या सार्वजनिक पैशावर कोणत्याही एका घराण्याचा वा जातीचा कायमचा ताबा कधीं नव्हता, आणि नसावा हेंच योग्य. शिवाय तें वाक्य आज खरेंही नाहीं. तें कसें, हें पुढें येईलच.

संस्कृत शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला शिष्यवृत्ति म्हटली कीं प्रथम आठवते ती जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति. नाना शंकरशेट १८०३ सालीं जन्मले ते मुरबाडला. आमच्या बदलापुराहून तें गांव कांहीं फार दूर नाहीं. १८६५ सालीं ते वारले. त्यांच्या नांवाची ही संस्कृताची शिष्यवृत्ति मॅट्रिकच्या मुलांना केवढी वाटे, हें जुन्या पिढीला सांगावयास नको. १९१२ सालीं चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला मुंबई इलाख्यांत पहिले आले, आणि पहिली शंकरशेट शिष्यवृत्तिही त्यांनाच मिळाली. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेला हा मुलगा पुढें केंब्रिजला गेला आणि तेथें त्यानें अभ्यास केला तो वनस्पतिशास्त्राचा! १९१८ सालीं ते आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले, १९४३ सालीं रिझर्व बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९५० सालीं देशाचे अर्थमंत्री. मेघदूताचें मराठी भाषांतर करण्याइतकें संस्कृत मात्र त्यांच्यापाशीं अखेरपर्यंत राहिलें. यांतून आमच्या वाचकांनीं एवढेंच घ्यावें कीं, शिष्यवृत्ति हें एक दार आहे. दारांतून आंत गेल्यावर माणूस कोणत्या खोलींत बसेल, हें त्या दारावर लिहिलेलें नसतें.

ही झाली मिळाल्याची कथा. न मिळाल्याचीही एक सांगूं. धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं मुरुडाहून साताऱ्यास मुलकी परीक्षेला निघाले. दिवस पावसाळी, कुंभार्लीच्या घाटानें त्यांनीं शंभर मैलांहून अधिक वाट पायीं तुडविली. परीक्षेला वयाची सतरा वर्षें पुरीं असावीं लागत, आणि त्यांचीं तीं होतीं. पण तेथील मंडळींनीं या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलें, हा सतरांचा दिसत नाहीं असें ठरविलें, आणि त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. त्या नकारांत त्यांच्या विद्येची परीक्षा कोठें होती? पुढें त्याच मुलानें स्त्रीशिक्षणाचें केवढें कार्य उभें केलें, आणि १९५८ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें, हें सर्वश्रुत आहे. आमचें म्हणणें असें नाहीं कीं, नाकारलेला प्रत्येक मुलगा महर्षि होतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नकार पुष्कळदां गुणांवर नसतो. तो कागदावर, वयावर, जागांच्या संख्येवर असतो. घरांतील वडील माणसांनीं हा भेद ओळखला पाहिजे, कारण मूल तो आपण होऊन ओळखत नाहीं. त्याला वाटतें, आपल्यालाच नाकारलें.

तिसरें उदाहरण वेळेचें आहे. डॉक्टर आंबेडकरांना १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति मिळाली: दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत त्यांचे वडील वारले होते, आणि जुलईंत ते न्यूयॉर्कला पोंचले. कोलंबियांतील अभ्यास आटोपून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना तेथला अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावें लागलें. सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे साठविले, शाहू महाराजांचें व मित्राचें साहाय्य घेतलें, आणि १९२० सालीं ते पुन्हा लंडनला गेले. डी. एस्सी. झाले तें १९२३ सालीं. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषाचीं वर्षें शिष्यवृत्तीच्या मुदतीनें मोडलीं. मग सामान्य मुलांची काय कथा! पैसा किती मिळाला, यापेक्षां तो केव्हां मिळाला, याला विद्यार्थ्याच्या आयुष्यांत अधिक महत्त्व असतें.

आणि नेमकी येथेंच आजच्या पद्धतीची गोम आहे. बारावीनंतर पदवी घेणाऱ्या गुणवंत मुलांसाठीं केंद्र सरकारची जी मोठी योजना आहे, तींत दरवर्षीं देशभर ८२,००० नवीन शिष्यवृत्त्या असतात. निम्म्या मुलींना, निम्म्या मुलांना. प्रत्येक राज्याचा वाटा तेथील अठरा ते पंचवीस वयाच्या लोकसंख्येवरून ठरतो, आणि राज्याच्या वाट्यांत विज्ञान, वाणिज्य व कला यांचें प्रमाण तीन, दोन व एक असें असतें. आपल्या बोर्डांत, आपल्या शाखेंत, ऐंशी पर्सेंटाइलच्या वर असलेल्यानें अर्ज करावयाचा. ऐंशी पर्सेंटाइल म्हणजे ऐंशी टक्के गुण नव्हेत. शंभर मुलांपैकीं ऐंशींना मागें टाकलेलें असणें, असा त्याचा अर्थ. हा शब्द आम्हीं या वर्षीं निदान वीस पालकांना फोडून सांगितला असेल. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असावें लागतें. पदवीच्या वर्षांत सालीना १२,००० रुपये आणि पदव्युत्तर वर्गांत २०,००० रुपये परस्पर विद्यार्थ्याच्या बँकेच्या खात्यांत जमा होतात. ही योजना कोणा एका जातीची नाहीं. त्याखेरीज राज्याची राजर्षि शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ति आहे. तींत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांचें निम्में शिक्षणशुल्क सरकार देतें. २०२४–२५ पासून आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालें आहे. तेव्हां "आमच्यासाठीं कांहीं नाहीं" हें वाक्य आतां ज्यानें त्यानें मागें घ्यावें.

पण क्रम पाहा. केंद्राच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करावयाचा तर मूल आधीं कॉलेजांत दाखल झालेलें पाहिजे. दाखल व्हावयाचें तर शुल्क आधीं भरलेलें पाहिजे. मग अर्ज, मग कॉलेजाची पडताळणी, मग वरची पडताळणी, मग निवड, आणि शेवटीं पैसे. म्हणजे ज्येष्ठ-आषाढांत जी अडचण, तिचें निवारण माघ-फाल्गुनांत. ज्याच्या घरीं आषाढांत पैसे होते, त्याला ही मदत होते. ज्याच्या घरीं नव्हते, तो अर्ज करण्यापूर्वींच गळतो. योजनेचा हेतु उत्तम आहे यांत शंका नाहीं. पण तहान आषाढांत लागते आणि पाणी माघांत मिळतें, हा दोष उघड दिसतो. सरकारनें तो दूर करावा असें आम्हांस मनापासून वाटतें. तोंवर आषाढ व माघ यांच्यामधला पूल बांधणें घराच्याच हातांत आहे, आणि एकत्र कुटुंबाचा उपयोग जर कशांत असेल तर तो यांत.

आमच्या माहितीच्या एका घराची हकीकत येथें सांगतों. घर हेंद्रेपाड्यांतलेंच, आजी, तीन मुलगे, तीन सुना आणि नातवंडें. चूल एक आहे, पण उत्पन्नाचे दाखले तीन. मोठ्या मुलाचें उत्पन्न मर्यादेच्या वर असल्यामुळें त्यानें आपल्या मुलासाठीं अर्जच केला नाहीं. एका शेजाऱ्यानें त्याला सुचविलेंही होतें कीं, दाखला थोडा खालचा काढून घेतां येईल. त्यानें उत्तर दिलें, "साडेचार लाखांच्या आंतल्या कोणाच्या तरी मुलाचें नांव खोडून माझ्या मुलाचें घालायचें, असाच ना त्याचा अर्थ?" हें उत्तर आम्हांस फार आवडलें, म्हणून मुद्दाम लिहून ठेवितों. अंबरनाथच्या तहसील कचेरींतून निघणारा तो दाखला सरकारच्या डोळ्यांत धूळ फेंकण्यासाठीं नसतो. खोट्या दाखल्यानें जें मूल शिष्यवृत्ति घेतें, त्याला शिक्षणाचा पहिला पाठ घरींच चुकीचा मिळतो.

मधल्या मुलाची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा हीं दोघें एकाच वर्षीं बारावी झालीं. मुलगी विज्ञानाची, तिनें मुंबईच्या एका कॉलेजांत पदार्थविज्ञानासाठीं प्रवेश घेतला. मुलगा वाणिज्याचा; तो जवळच शिकतो. दोघांनींही अर्ज केले. मुलाचा अर्ज सरळ पुढें गेला आणि मार्गशीर्षांत त्याची निवड झाल्याचें कळलें. मुलीचा अर्ज त्रुटि काढून परत आला. कारण एवढेंच कीं, गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, आधारपत्रावर नांव आधीं, आणि वडिलांचें नांव एकीकडे आहे तर दुसरीकडे नाहीं. दुरुस्ति करून अर्ज पुन्हा धाडला. त्याला आतां दोन महिने होत आले, आणि तो पडताळणींत आहे एवढेंच संकेतस्थळावर दिसतें.

मुलाचें नांव आलें त्या दिवशीं त्या घरांत काय व्हावें? देवापुढें साखर ठेवावी, चार पेढे वांटावे. पण तसें कांहीं झालें नाहीं. मुलाच्या आईनें ती बातमी पदराखालीं झांकली. मुलीला नऊ गुण अधिक. तिला नाहीं आणि याला मिळाली, हें बोलावें कसें? दोन दिवस घरांत दबकें बोलणें चाललें. तिसऱ्या दिवशीं मुलीला तें बाहेरून, एका मैत्रिणीकडून कळलें. ती आपल्या काकूला म्हणाली, "काकू, त्याला मिळाली याचं मला वाईट नाहीं वाटलं. तुम्ही सगळ्यांनीं मिळून माझ्यापासून लपवलंत, याचं वाटलं."

आम्हांस हें आजींनीं सांगितलें, आणि विचारलें, "मास्तर, अधिक गुणवालीला नाहीं आणि कमीवाल्याला मिळते, हा कुठला न्याय?" आम्हीं त्यांना वरचें प्रमाण समजावून दिलें: विज्ञानाची यादी निराळी, वाणिज्याची निराळी, एकाच्या गुणांशीं दुसऱ्याचे गुण ताडून पाहण्यांत अर्थ नाहीं, आणि मुलीला नकार आलेलाच नाहीं, तिचा अर्ज फक्त वाटेंत आहे. आजींना तें पटलें. पण आम्ही समजावीत होतों तो हिशेब होता, आणि त्या घरांत जें दुखत होतें तें हिशेबाचें नव्हतें.

तें काय होतें, हें आम्हांस पुढें चार दिवसांनीं कळलें. मुलगी एका रविवारीं आमच्याकडे आली आणि दारांत उभ्या उभ्याच विचारूं लागली, "मास्तर, बी. एस्सी. बाहेरून करतां येते का?" आम्हीं सांगितलें कीं, ज्या विषयाला प्रयोगशाळा लागते तो घरीं बसून होत नाहीं. मग बसवून विचारलें, तेव्हां उलगडा झाला. आषाढांत तिचें शुल्क, रेल्वेचा पास आणि पुस्तकें यांसाठीं आजींनीं आपली मुदत ठेव मोडली होती. मुलीनें मनाशीं धरलें होतें कीं, शिष्यवृत्तीचे पैसे आले कीं ते आजीला परत करावयाचे. आतां ते येत नाहींत असें दिसूं लागल्यावर तिनें दुसरा हिशेब मांडला होता: पुढच्या वर्षीं कॉलेज सोडावें, एखाद्या शिकवणीवर्गांत शिकवावें, आणि ठेव भरून द्यावी. हें तिनें कोणालाच सांगितलें नव्हतें. बदलापुराहून मुंबईपर्यंत अडुसष्ट किलोमीटरचा प्रवास. गर्दींत उभी राहून ती रोज हा हिशेब करीत होती.

आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं, हा प्रश्न आम्हांस नव्हे, आजीला विचार. तिनें विचारला. आजींचें उत्तर त्यांच्याच शब्दांत असें: "बाळ, ती ठेव मीं तुझ्या यादीच्या भरंवशावर मोडली नव्हती. यादी लागली तर पैसे तुझ्या पुढच्या वर्षाला होतील. नाहीं लागली तर धाकट्याची शिष्यवृत्ति आहे, मोठ्याचा पगार आहे, आणि माझ्या हातांतल्या बांगड्या अजून हातांतच आहेत. तूं गाडी चुकवूं नकोस म्हणजे झालं." त्याच संध्याकाळीं मुलाच्या निवडीचे पेढे आणले गेले, आणि ते घरांत वांटले त्या मुलीनें.

ही कथा येथें संपली असती तर बरें झालें असतें. पण हा मजकूर लिहीपर्यंत तिच्या अर्जाचा निकाल लागलेला नाहीं. तो लागेल तेव्हां लागेल. त्या घरानें मात्र जें करावयाचें तें केलें: शिक्षण आणि यादी यांच्यामधली गांठ सोडली. मुलीचें शिकणें यादीवर अवलंबून नाहीं, हें तिला स्पष्ट शब्दांत सांगितलें गेलें. आषाढांतच तें सांगितलें असतें, तर तिचे पांच महिने वांचले असते. आमच्या मतें सगळ्या प्रतीक्षेचें मर्म हेंच आहे. प्रतीक्षा जाचते ती न मिळालेल्या पैशामुळें नव्हे. न मिळाला तर पुढें काय, हें न बोललें गेल्यामुळें. मुलें पैशाचा हिशेब करीत नाहींत, अशी वडील माणसांची समजूत असते. तीं करितात, फक्त तो मोठ्यानें करीत नाहींत, आणि त्या हिशेबांत पहिला खर्च कापतात तो स्वतःचाच.

तेव्हां ज्या घरीं यंदा अशी वाट पाहणें चालू आहे, त्यांना आमचें सांगणें थोडक्यांत असें. शुल्क भरतेवेळींच मुलाला जवळ बसवून सांगावें कीं, हे पैसे कोठून आले, ते परत करावयाचे आहेत कीं नाहींत, आणि शिष्यवृत्ति न आल्यास दुसऱ्या वर्षाची व्यवस्था काय आहे. व्यवस्था नसेल तर नाहीं असेंच सांगावें, आणि ती सगळ्यांनीं मिळून शोधावी. खोट्या धीरापेक्षां खरी अडचण मुलांना अधिक पेलते. "कांहीं कळलें का?" हा प्रश्न जेवतांना रोज विचारूं नये. आठवड्याचा एक दिवस ठरवावा, त्या दिवशीं संकेतस्थळ पाहावें, आणि बाकीचे सहा दिवस तो विषय मिटवावा. एकाला मिळालें आणि दुसऱ्याला नाहीं, तर बातमी लपवूं नये. झांकलेला आनंद दुसऱ्याच्या मनांत अपमान होऊन उगवतो.

कागदांची व्यवस्था हीही या काळांतलीच एक साधना समजावी. नांव सगळीकडे एकाच क्रमानें आणि एकाच स्पेलिंगानें आहे कीं नाहीं, हें दहावीच्याही आधीं पाहून घ्यावें. बँकेचें खातें आधारशीं जोडलेलें असावें. त्रुटि निघून अर्ज परत येणें म्हणजे नकार नव्हे. दुरुस्तीची मुदत मात्र चुकवूं नये, कारण त्या मुदतीनंतर तो नकारच होतो. आणि उल्हास नदीच्या अंगाला राहणाऱ्या आम्हां लोकांना एक जादा सूचना. २६ जुलै २००५ चा पूर आमच्या आळींत अजून कोणी विसरलें नाहीं. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली, आणि हजाराहून अधिक उतारूंना सोडवून आणावें लागलें. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हीं सर्व कागदपत्रें प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून माळ्यावर ठेवावीं. पलंगाखालच्या पेटींत ठेवूं नयेत. पुरानें भिजलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळते, पण ती मिळेपर्यंत अर्जाची मुदत थांबत नाहीं.

ज्यांना साधेल त्यांनीं आणखी एक करावें. एकत्र घरांत दिवाळीच्या खरेदींतून, लग्नकार्याच्या आहेरांतून, सणासुदीच्या खर्चांतून थोडें बाजूला काढून घराचाच एक विद्यानिधि ठेवावा. रक्कम लहान असली तरी चालेल. ती आषाढांत हातीं असली म्हणजे झालें. घरांतील ज्या मुलाला सरकारची शिष्यवृत्ति मिळेल, त्यानें तिचा थोडा अंश पुढच्या भावंडासाठीं त्यांत घालावा. रमण्यांतली दक्षिणा राजाच्या हातची होती. ही घरच्या हातची होईल, आणि हिच्यासाठीं कोणाला बंद दारांआड उभें राहावें लागणार नाहीं.

शेवटीं, ज्यांचें नांव यादींत आलें त्यांनाही एक आठवण द्यावीशी वाटते. केंद्राची ही शिष्यवृत्ति एकदां मिळाली म्हणजे आपोआप पुढें चालत नाहीं. दरवर्षीं निदान पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के उपस्थिति दाखवून ती नवी करून घ्यावी लागते. म्हणजे मिळालेल्यालाही वर्षावर्षाला परीक्षा आहेच. नांव आलेल्यानें आणि न आलेल्यानें उद्यां सकाळीं करावयाचें काम एकच आहे: वेळेवर उठावें, डबा घ्यावा, आणि आपली नेहमींची गाडी गांठावी.